जेवलेल्याचं नाव

शलोमीअक्का दर मंगळवारी संध्याकाळी आमच्या गल्लीत नावं मागत फिरायच्या. विरजणापुरतं दही मागावं, तशा. दाराशी उभ्या राहायच्या, उंबरा ओलांडायच्या नाहीत, आणि विचारायच्या, "आज जेवलीस का?" हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असे. "मग तुझं नाव देतेस का आठवडाभर? एका बाईला पाहिजे."

आम्ही त्या गल्लीत नवीन होतो तेव्हाची गोष्ट. माझा नवरा प्रकाश वीज मंडळात होता. त्याची बदली जळगावहून धुळ्याला झाली आणि चर्च जवळ पडतं म्हणून आम्ही हे घर धरलं. सामान अजून पोत्यांत होतं. दारात एक उंच, वाळकी म्हातारी उभी. फिक्या रंगाची सुती साडी, नर्सेस लावतात तसं पदराला पिनेनं अडकवलेलं घड्याळ, आणि ढग नसतानाही हातात छत्री. मला वाटलं मतदारयादीचं काम असेल. मी नाव सांगितलं, वय सांगितलं, कार्ड आणू का म्हणून विचारलं.

"कार्ड नको गं," अक्का म्हणाल्या. "वंदना ना? छान आहे. उद्यापासून सुदानात एका बाईचं नाव वंदना. पुढच्या मंगळवारी तुझं तुला परत." आणि त्या छत्री टेकवत पुढच्या दाराशी गेल्या. मी आत येऊन प्रकाशला म्हटलं, गल्लीत एक वेडी म्हातारी आहे. प्रकाश पोतं सोडत होता. तो म्हणाला, वेडी असेल तर बरंच, शहाण्यांनी जळगावात पुष्कळ त्रास दिला.

बुधवारी चर्चमध्ये गेलो तेव्हा उलगडा झाला. आमच्याकडे बुधवारी संध्याकाळी मध्यस्थीची प्रार्थना असते. मध्यस्थी म्हणजे स्वतःसाठी काही न मागता दुसऱ्यासाठी मागणं. येतात त्या बहुतेक बायकाच, आणि त्याही मोजक्या. पूर्वी पाळकसाहेब त्यात एक वाक्य म्हणायचे, की जगातल्या सर्व युद्धग्रस्त, उपाशी आणि निराधार लोकांची प्रभू तू आठवण कर. मग सगळ्यांचं आमेन व्हायचं आणि महिला मंडळाच्या सहलीचा विषय निघायचा. अक्कांना ते वाक्य खपायचं नाही. "सर्व म्हटलं की त्यात एकही नसतो," त्या म्हणायच्या. "सर्व आजारी लोकांना गोळी द्या, असं डॉक्टरनं लिहून दिलं तर मी कुणाच्या तोंडात घालू?"

पण तिकडच्या माणसांची नावं आणायची कुठून? टीव्हीवर आकडा सांगतात, नाव सांगत नाहीत. म्हणून अक्कांनी गल्लीतली नावं उसनी घ्यायला सुरुवात केली. बुधवारी त्या उभ्या राहायच्या, डोळे उघडे ठेवून. "प्रभू, सुदानात वंदना नावाची एक बाई आहे. तिची चूल कालपासून पेटलेली नाही. तिला पीठ मिळू दे. ती रांगेत उभी असेल तर रांगेवर कुणी गोळी घालू नये. तिच्या पोरांना पाणी मिळू दे." एवढंच. त्यांच्या प्रार्थनेत विशेषणं नसायची आणि रडणंही नसायचं. औषधाच्या वेळा सांगाव्यात तशा सुरात त्या देवाला सांगायच्या. माझंच नाव परक्या मुलखात, पिठाच्या रांगेत उभं असलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं आणि मानेवर काटा आला. घरी येताना मी प्रकाशला म्हटलं, वेडी नाहीये ती.

अक्का आयुष्यभर नर्स होत्या. साक्रीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी एका मिशनच्या दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी झाली. लग्न केलं नाही. "केलं असतं, पण रात्रपाळी कुणी घेतली असती?" एवढंच त्यावर बोलायच्या. त्या दवाखान्यात कुपोषणाची लेकरं यायची. पावसाळ्याच्या तोंडावर जास्त. पुष्कळांचं बारसंच झालेलं नसायचं. कागदावर आईच्या नावापुढे नुसतं मूल लिहिलेलं. अक्कांच्या लक्षात आलं, की ज्या लेकराला नाव नाही ते आपण ड्युटी संपवून घरी गेलो की विसरतो. नाव असलेलं मात्र जेवताना आठवतं. तेव्हापासून लेकरू आलं, की वजन करायच्या आधी त्या आईला विचारून त्याला नाव ठेवायच्या. आईला काही सुचलं नाही तर डॉक्टरांचं, नाहीतर ड्रायव्हरचं नाव द्यायच्या. त्या सांगायच्या की एका पावसाळ्यात त्यांच्या वॉर्डात ड्रायव्हरच्या नावाची लेकरंच जास्त होती आणि ड्रायव्हर बिचारा डबा आणून खिडकीतून बघत उभा राहायचा, आपली सगळी जगली का म्हणून.

नवीन पाळकसाहेब तरुण होते. त्यांना हे नावांचं प्रकरण पचेना. एकदा त्यांनी अक्कांना उपासनेनंतर गाठलं. "अक्का, अशी उसनी नावं घेऊन प्रार्थना करणं शास्त्रात कुठं आहे?"

"मध्यस्थी आहे ना शास्त्रात?" अक्का म्हणाल्या. "सोयरीक जमवणाऱ्यालासुद्धा दोन्हीकडची नावं माहीत लागतात साहेब. वरचं मला माहीत आहे. खालचं उसनं आणते."

दुसरी अडचण त्याहून मोठी होती. प्रार्थनेच्या दिवशी बायका उपास करायच्या, आणि अक्का मात्र पोटभर जेवून यायच्या. कधीकधी ठेच्याचा वास घेऊनच यायच्या. उपाशी लोकांसाठी मागायचं आणि स्वतः जेवून यायचं, हे लोकांना बरं दिसत नव्हतं. अक्का म्हणायच्या, "माझं पोट रिकामं असलं की मला माझंच पोट ऐकू येतं. तिकडच्या बाईचं काय ऐकू येणार?" नाव देणाऱ्यालाही तोच नियम होता. जो आज जेवला आहे, त्याचंच नाव चालायचं. "भरल्या पोटाचं नाव उपाशी माणसाला द्यायचं. रिकाम्याचं रिकाम्याला देऊन कुणाचं भलं झालंय?" आणि मेलेल्या माणसाचं नाव तर मुळीच चालायचं नाही. तिकडं ती कमी नाहीत, म्हणायच्या.

गल्लीनं सुरुवातीला हसून घेतलं आणि मग सवय करून घेतली. गल्लीच्या तोंडाशी निंबाच्या झाडाखाली मथुराबाई भाजी विकायला बसायची. पारोळा रस्त्यावरच्या एका गावाहून सकाळच्या बसनं टोपली घेऊन यायची. बोलायची अहिराणी, माझीला मनी म्हणायची. तिला चर्चचं काही माहीत नव्हतं आणि करायचंही नव्हतं. पण एकदा नाव दिलं आणि पुढच्या मंगळवारी तिनंच अक्कांना अडवलं. "अक्का, मनी ती बाई कशी शे? तिले खावाले मिळनं का?"

"माहीत नाही गं मथुरा."

"माहीत नही? मंग तू देवाले काय सांगस?"

"माहीत नाही हेच सांगते," अक्का म्हणाल्या. "पेपरात आलंय की पिठाचे ट्रक सीमेवरच अडकलेत. तुझ्या तिच्यापर्यंत काही पोचलं का, ते मला नाही कळलं."

मथुराबाई मेथीची जुडी झटकत राहिली. "पोरेस्ले तरी खावाले भेटाले पाहिजे व माय," ती म्हणाली. पुढच्या मंगळवारी तिनं पुन्हा विचारलं. मग दर मंगळवारी नाव द्यायची आणि विचारायची. अक्का कधी खोटी खबर सांगायच्या नाहीत. बरं आहे, मिळालं असेल, देव बघतोय, असलं काही नाही. माहीत नाही, हे वाक्य मी त्यांच्याइतकं स्वच्छ बोलताना कुणाला ऐकलेलं नाही.

समोरच्या घरात नाना अहिरे राहायचे. निवृत्त पोस्टमन. घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो. देवाशी त्यांचं काही घेणंदेणं नव्हतं, पण नाव द्यायला ते सगळ्यात पुढे. "घ्या अक्का," म्हणायचे, "माझं नाव आजवर लोकांनी पार्सल फुटलं म्हणून शिव्या द्यायलाच घेतलं. जरा चांगल्या कामाला लागू द्या." मग विचारायचे, त्यांच्या नावाचा तो म्हातारा कुठं आहे. तंबूत, अक्का सांगायच्या. तंबूत म्हटल्यावर नाना वर आपल्या पत्र्याकडे बघायचे. मे महिन्यात धुळ्याच्या पत्र्याखाली काय होतं ते आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. असंच एकदा दुसऱ्या दिवशी नाना मला म्हणाले होते, "वहिनी, तंबूत पंखा नसेल ना."

प्रकाशही नाव द्यायचा. ऑफिसातून आला की बूट काढता काढता विचारायचा, "माझा तो काय म्हणतो?"

मग प्रकाश गेला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. ऑफिसातून आला, खुर्चीत बसला, पाणी मागितलं. मी पाणी घेऊन येईपर्यंत त्यानं मान टाकलेली होती. एक बूट काढलेला होता, एक पायात होता. त्या आठवड्यात त्याचं नाव गाझातल्या एका माणसाला दिलेलं होतं.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल लोक विचारतात तेव्हा मला काही आठवत नाही, कारण त्या दिवसांत मला काही वाटलंच नव्हतं. रडू आलं नाही. भीती वाटली नाही. दाढ काढायला सुई दिली की गाल असतो, पण आपला नसतो, तसं सगळं अंग झालं होतं. मी एका शाळेच्या ऑफिसात काम करते. पंधरवड्यानं कामावर गेले, दाखले लिहिले, फी घेतली, घरी आले. फक्त जेवण जाईना. भूक नाही असंही नव्हतं. घास तोंडात फिरायचा आणि तिथंच राहायचा. मग मी तो सोडून दिला. चहा आणि बिस्किटं यांवर माणूस बराच काळ चालू शकतो.

जळगावहून माझा भाऊ येऊन गेला. वहिनीनं भरीत आणि कळण्याच्या भाकरी करून पाठवल्या होत्या. मी डबा उघडला, वास घेतला आणि झाकण लावलं. भाऊ म्हणाला, "वंदे, असं किती दिवस चालायचं? चल जळगावला. नाहीतर एक दिवस मला फोन येईल आणि धावत यावं लागेल." मी म्हटलं बघू. चर्चमधल्या बायका येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायच्या, रडायच्या, आणि मी त्यांना पाणी द्यायचे. एका रविवारी मी पाळकसाहेबांना सांगितलं की कृपा करून माझ्यासाठी कुणी प्रार्थना करू नये. मला राग नव्हता. मला नुसतं ते ऐकत बसायचं नव्हतं. ते म्हणाले ठीक आहे. अक्का शेजारीच उभ्या होत्या. त्यांनीही मान डोलावली.

गल्लीत मात्र कुजबुज सुरू झाली. नाव दिलं आणि माणूस गेला. कुणी अक्कांच्या तोंडावर बोललं नाही, पण मंगळवारी दारं लवकर लागायला लागली. आणि त्यातच मथुराबाईचा मुलगा मोटरसायकलवरून पडला. सकाळी मी कामावर निघाले होते. मथुराबाई टोपली न मांडता अक्कांच्या दारात उभी होती. डोळे सुजलेले.

"अक्का, माले मनं नाव परत दे."

"काय झालं गं?"

"मना पोऱ्या गाडीवरथीन पडना. पाय मोडना. सासू म्हनस, उपाशी बाईले नाव दिधं, तिनी दशा आपला घरमा उनी." ती हटणार नव्हती. "माले मनं नाव आत्तेच पाहिजे."

मला वाटलं अक्का समजावतील. असं काही नसतं, ही अंधश्रद्धा आहे, असं काहीतरी. त्यांनी चपला काढल्या, पायरीवर सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "प्रभू, मथुराचं नाव मी मथुराला परत करते आहे. तिकडच्या बाईला आता नाव राहिलं नाही. तिला तू तशीच ओळख. आमेन." मग चपला घालत विचारलं, "दिलं. पाय कुठं मोडला? प्लास्टर कुणी घातलं? बोटं उघडी आहेत ना, गार तर पडली नाहीत?" आणि त्याच पावली छत्री घेऊन तिच्याबरोबर बस स्टँडकडे निघाल्या. पुढं महिनाभर त्या दर दोन दिवसांआड त्या गावाला जाऊन मुलाचा पाय बघून यायच्या. नावाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मंगळवारी निंबाखाली थांबायच्या, मेथी घ्यायच्या, आणि फक्त पहिला प्रश्न विचारायच्या. "जेवलीस का?" मथुराबाई खाली बघून म्हणायची, "हुई गयं." दुसरा प्रश्न अक्का विचारायच्या नाहीत. पैसे देऊन पुढे जायच्या.

मथुराबाईनं नाव परत घेतल्यावर बाकीच्यांनीही घेतली. कुणी दारात येऊन मागितली, कुणी नुसतं म्हणालं, आमचं नको अक्का आता, उगीच. राहिले एकटे नाना अहिरे. त्यांच्या सुनेलाही ते आवडत नव्हतं, पण नाना म्हणाले, आपण असलं मानत नाही, तर मग भिण्यापुरतं कशाला मानायचं? त्यामुळे काही आठवडे सुदानात नाना, गाझात नाना आणि युक्रेनमध्येही नाना. "एकाच म्हाताऱ्याला किती ठिकाणी उपाशी ठेवू हो?" अक्का म्हणाल्या. नाना म्हणाले, "ठेवा. पोस्टमन आहे, फिरायची सवय आहे मला."

माझ्याकडे मात्र अक्का येत राहिल्या. प्रकाश गेल्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारीसुद्धा आल्या होत्या. दाराशी उभ्या राहून विचारलं, "जेवलीस का?"

"नाही."

"बरं. पुढच्या मंगळवारी येते."

एवढंच. सांत्वन नाही, दोन घास खा गं असं नाही. मंगळवारमागून मंगळवार हेच चाललं. एकदा मी म्हटलं, "अक्का, माझं नाव घेऊन जा. मला काही फरक पडत नाही. लोक म्हणतात ते खरं असलं तरी पडत नाही."

"जेवलीस का?"

"चहा-बिस्किटं घेतली."

"ते जेवण नाही. त्यावरचं नाव मला चालत नाही." जाता जाता त्या पायरीवर थांबल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "लोक म्हणतात ते मीही ऐकलंय वंदना. मलाही भीती वाटली. झोप गेली माझी. पण मग म्हटलं, माझ्या जिभेत एवढी ताकद असती की नाव घेतल्यानं इकडचा माणूस मरतो, तर त्याच जिभेनं तिकडचा जेवला असता. कुठं जेवला?" त्यांचा आवाज तसाच होता, औषधाच्या वेळा सांगणारा. पण छत्री उघडायला त्यांना तीनदा खटका दाबावा लागला. मी ते पाहिलं आणि मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी त्या आल्या त्या नेहमीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. छत्री भिंतीला टेकवून माझ्या पायरीवर बसल्या. त्यांना बसलेलं मी फक्त चर्चमध्ये पाहिलं होतं. म्हणाल्या, "नाना लेकीकडे जामनेरला गेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. आज एकही नाव नाही."

"तुमचं घ्या ना."

"माझं मी कसं मागू? मागणारा वेगळा आणि ज्याच्यासाठी मागायचं तो वेगळा. नाहीतर ती मध्यस्थी कसली?" त्या रस्त्याकडे बघत होत्या. "उद्या उभी राहून काय म्हणू, कळत नाही. पुन्हा सर्व युद्धग्रस्त, सर्व उपाशी म्हणायचं झालं. इतकी वर्षं ते टाळलं."

मी दारात उभी होते. बाई थकलेली होती. पदराचं घड्याळ लोंबत होतं. माझ्या मनात दया वगैरे काही आली नाही. एवढंच लक्षात आलं, की ह्यांना एक नाव पाहिजे आणि माझ्याकडे ते आहे, आणि मध्ये फक्त एक भाकरी आहे. मी स्वयंपाकघरात गेले. ज्वारीच्या पिठाचा डबा प्रकाश होता तेव्हापासूनचा होता. पीठ जुनं झालं होतं. भाकरी थापताना कडेला चिरा गेल्या. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली. लसणाची चटणी काढली, वर तेल घेतलं. आणि दारात येऊन, अक्कांच्या मागं उभी राहून ती खाल्ली. चव लागली नाही. घास फिरायचा तसा फिरला. मी पाणी पिऊन तो खाली ढकलला, मग पुढचा घेतला. अक्कांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही. समोरून शाळेची रिक्षा गेली, कुणाचा तरी कुत्रा येऊन गेला.

ताट रिकामं झालं तसं मी म्हटलं, "जेवले."

अक्का गुडघ्यावर हात देत उठल्या, दाराशी उभ्या राहिल्या आणि नेहमीसारखं विचारलं, "मग तुझं नाव देतेस का आठवडाभर? एका बाईला पाहिजे."

"घ्या."

दुसऱ्या दिवशी बुधवारी मी चर्चमध्ये गेले. शेवटच्या बाकावर बसले. पंखा फिरत होता, चार-पाच बायका होत्या. अक्का उभ्या राहिल्या. "प्रभू, गाझात वंदना नावाची एक बाई आहे. तिचा नवरा गेला. ती कुणाशी बोलत नाही. लोक येतात आणि जातात, तिला काही वाटत नाही. तिला जेवायचं आहे, पण तिच्या घरी पीठ नाही. तिला पीठ मिळू दे. आमेन." आणि त्या बसल्या. अक्कांनी आपला शब्द पाळला होता. माझ्यासाठी त्यांनी प्रार्थना केली नव्हती. मी त्या बाईचा विचार करत बसले. तिचं सगळं माझ्यासारखं होतं. माझ्या घरी पीठ होतं, एवढाच फरक होता आमच्यात.

पुढच्या मंगळवारी अक्का यायच्या आधीच मी जेवून बसले होते. त्याच्या पुढच्याही. मग मधल्या वारीही जेवायला लागले, कारण एकदम मंगळवारी जेवण जात नाही, सवय ठेवावी लागते. भावाला सांगितलं की मी धुळ्यातच राहते. दर मंगळवारी मी अक्कांना विचारायचे, "माझी ती कशी आहे?" आणि त्या सांगायच्या, "माहीत नाही." हे उत्तर ऐकून मला एका मंगळवारी पहिल्यांदा राग आला. त्यावरून कळलं की राग येऊ शकतो.

एकदा मी त्यांना म्हटलं, "अक्का, मी बुधवारी बसते, आमेन म्हणते, पण आत काही हलत नाही. ढोंग केल्यासारखं होतं."

"मी इतकी वर्षं इंजेक्शनं दिली," अक्का म्हणाल्या. "पहिल्या दिवशी पोरगं रडलं तर मीही रडले. नंतर काय रोज रडत बसायचं? हात चालत राहायचा. मला काही वाटलं नाही म्हणून औषध आत जायचं थांबलं नाही. तू बस. वाटेल तेव्हा वाटेल."

"तुम्हाला वाटतं?"

"नाही," त्या म्हणाल्या. "बरीच वर्षं झाली."

तोपर्यंत मला वाटत होतं की ह्या बाईकडे आमच्यापेक्षा जास्त काहीतरी आहे, त्यावर ती चालते. तसं काही नव्हतं. ती नुसती मंगळवारी निघायची.

गेल्या उन्हाळ्यात अक्का पडल्या त्या उठल्या नाहीत. दवाखान्यात जायला नाही म्हणाल्या. "मला काय होतंय ते मला कळतं," म्हणाल्या आणि ते खरं होतं. मी आणि चर्चमधल्या बायका पाळी लावून बसायचो. जामनेरहून परतलेले नाना दारात खुर्ची टाकून पेपरातल्या लढाईच्या बातम्या मोठ्यानं वाचून दाखवायचे. कुठं काही थांबलेलं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात अक्कांचं अन्न सुटलं. चमच्यानं पाणी तेवढं जायचं. मंगळवार आला. मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, "अक्का, आता मागणारी मी आहे. ह्या बुधवारी तुमचं नाव देता का?"

त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ लागला त्यांना शब्द जुळवायला. "कसं देऊ?" म्हणाल्या. "जेवले कुठं मी?"

पुढच्या सोमवारी सकाळी त्या गेल्या आणि दुपारी आम्ही त्यांना मातीला दिलं. नाना शेवटपर्यंत छत्री धरून उभे होते, अक्कांचीच. मला रडू आलं नाही, पण माती टाकताना ती हाताला गार लागली आणि हात माझाच होता. अक्कांच्या घरी परत आलो तेव्हा शेजाऱ्यांनी पिठलं-भाकरी आणून ठेवलेली. मयताच्या घरी दिलं जातं ते हे जेवण, आमच्या खानदेशात त्याला कडू घास म्हणतात. घर ख्रिस्ती असो की बौद्ध, शेजारी तो आणतातच. लोक तो नावापुरता खातात. मी पोटभर खाल्ला. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता.

मंगळवारी संध्याकाळी मी निघाले. मी विचारायच्या आधीच नाना म्हणाले, घ्या. दोन घरी दार उघडलं आणि नको म्हटलं. एका घरी उघडलंच नाही. मला त्याचं काही वाटलं नाही. गल्लीच्या तोंडाशी निंबाखाली मथुराबाई उरलेली भाजी गोणपाटावर सारखी करत होती. अक्का तिला दुसरा प्रश्न विचारायच्या नाहीत, म्हणून मीही विचारणार नव्हते. मेथीची जुडी उचलली आणि पैसे काढले. तिनं ते घेतले नाहीत.

"अक्का गई," ती म्हणाली. "आते नावं कोन मांगी?"

"मी."

तिनं मेथीवर पाणी शिंपडलं, हात लुगड्याला पुसले. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. "मनी ती बाई इतला दिन बिगर नावनी शे," ती म्हणाली. आणि मी काही विचारायच्या आत तिनंच सांगितलं, "मनं जेवण हुई गयं."